स्पर्धा मुलांना घेऊ द्या : प्राचार्यांना खुले पत्र

प्रति,
मा. प्राचार्य, जिमखाना प्रमुख आणि 'सामुदायिक सहभाग' या विषयाचे गुण भरणारे सर्व सहकारी,
रायगड जिल्हा.

विषय : वर्गाने घेतलेली कबड्डी स्पर्धा आणि तिला द्यायचे गुण.

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

पत्राची सुरुवात कबुलीने करतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाने गावोगावच्या संघांसाठी कबड्डी स्पर्धा भरवली होती. लॉट्स (कोणता संघ कुणाविरुद्ध खेळणार ते ठरवणाऱ्या चिठ्ठ्या) मी पाडले, पंचांना फोन मी केले, मांडववाल्याशी घासाघीस मी केली, मैदान आखताना फक्कीचा डबाही माझ्याच हातात होता. मुलांनी काय केलं? पिवळे टी-शर्ट घातले, 'स्वयंसेवक' असे बिल्ले लावले, पाहुण्यांना गुलाबाची फुलं नेऊन दिली आणि दुपारी वडापाव खाल्ला. अहवालात मी लिहिलं, 'सदर उपक्रमातून विद्यार्थ्यांमध्ये नेतृत्वगुण व संघभावना विकसित झाली.' खाली सही ठोकली. असल्या अहवालांवर आपल्याही सह्या असतील, म्हणून हे पत्र आपल्याला.

यंदा द्वितीय वर्ष कलेचा ४३ जणांचा वर्ग माझ्याकडे आला. एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने आलेल्या नव्या रचनेत सामुदायिक सहभागाला दोन श्रेयांक (क्रेडिट) आहेत, एका श्रेयांकाला किमान ३० तास, म्हणजे साठ तासांचं काम. त्यात आपण काय करून घेतो ते आपल्याला ठाऊक आहे. वृक्षारोपण (खड्डा बहुतेक गेल्या वर्षीचाच), ग्रामस्वच्छता, नाहीतर घरोघर जाऊन भरायचा सर्वेक्षणाचा फॉर्म, जो निम्मी मुलं एसटीत बसून भरतात. मी वर्गाला विचारलं, तुम्हाला काय करायचंय? मागच्या बाकावरून उत्तर आलं, कबड्डी. कबड्डीची पंढरी म्हणवून घेणाऱ्या जिल्ह्यात दुसरं काय उत्तर येणार होतं! मी म्हटलं, घ्या. जिथे शिक्षकाची सही लागेल तिथे माझी सही. बाकी सगळं तुमचं.

पहिले दोन तास मॅटवर गेले. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली तेव्हा ही मुलं आठ-नऊ वर्षांची होती. त्यांच्या डोळ्यांसमोरची कबड्डी निळ्या-केशरी मॅटवर, बूट घालून खेळायची. मॅटचं भाडं आणि वाहतूक यांचा आकडा फोनवर कळला आणि वर्ग मातीवर आला. मग गणित सुरू झालं. वीसेक संघ येतील, बाद पद्धत. जितके संघ त्याहून एक कमी एवढे सामने, हे सगळ्यांना पाठ होतं. पण एका सामन्याला वेळ किती, हे कुणी मोजलं नव्हतं. १५-५-१५ ची, म्हणजे पंधरा मिनिटांचे दोन डाव आणि मधली पाच मिनिटांची विश्रांती मिळून ३५ मिनिटं, टाइम-आउट आणि संघ आत-बाहेर होण्याचा वेळ धरून ४५. पुरुषांचे १९ आणि मुलींचे ५ असे २४ सामने, म्हणजे १८ तास. एका रात्रीत उरकायचा बेत तिथेच फळ्यावर मोडला.

'गावात पहाटेपर्यंत चालतंच की सर,' एकाने सांगून पाहिलं. चालतं खरं. पण परवानगीसाठी पोलीस ठाण्यात गेलेल्या दोघांना तिथल्या हवालदारांनी बसवून घेऊन ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम समजावले, रात्री दहानंतर भोंगा बंद. दोघं परत आले ते वर्गातल्या इतरांना कायदा शिकवण्याच्या आवेशात. शेवटी दोन मैदानं, दोन संध्याकाळी, चार ते दहा असं ठरलं. मैदानामागे नऊ तासांचं काम आणि बारा तासांचा अवधी. तीन तास हातचे राखले होते. ते तीनही तास लागले.

जागेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते वर्ग सगळ्यात जास्त शिकला तो तिथे. महाविद्यालयाच्या पटांगणात बांधकामाची खडी पडलेली. गावाबाहेर भात कापून मोकळी झालेली दोन लागून खाचरं होती. मालक तयार होते, पण पलीकडच्या तुकड्यात त्यांनी वाल पेरला होता आणि जानेवारीच्या अखेरीला तो शेंगांवर आलेला. कबड्डी बघणारा माणूस बांधावर उभा राहतो आणि चढाई रंगली की बांध उतरून पुढे येतो, हे कुणी सांगायला नको. वर्गातल्या एका शेतकऱ्याच्या मुलीने मालकांशी बोलणी केली. बांबू रोवून दोरी बांधायची आणि तरीही नुकसान झालं तर वर्गाने भरून द्यायचं. हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या झाल्या. मला हे सुचलं नसतं. मी 'काका, मुलांचं काम आहे, सांभाळून घ्या' म्हणून मोकळा झालो असतो.

मग आठवडाभर धसकटं काढणं, ढेकळं फोडणं, माती चाळणं, पाणी मारणं आणि रोलर. पुरुषांसाठी १३ बाय १० मीटर, मुलींसाठी १२ बाय ८. पुस्तकातली आकृती सगळ्यांनी बघितली होती. प्रत्यक्षात दोरीचा काटकोन लागेना. एका बाजूला मैदान वीतभर रुंद झालं. गवंडीकाम करणाऱ्या वडिलांचा मुलगा पुढे आला आणि त्याने तीन-चार-पाचचा त्रिकोण दोरीवर गाठी मारून लावून दाखवला. गणितात हा मुलगा दोनदा नापास आहे.

पैशाचं सांगतो. एका पुढाऱ्याकडून निरोप आला की सगळी बक्षिसं आमच्याकडून, फक्त फ्लेक्सवर फोटो मोठा हवा. यावर वर्गात जे भांडण झालं ते मी बाकावर बसून ऐकलं. मतदान घेतलं, १७ जण घ्या म्हणाले, २४ जण नको, दोघं गैरहजर. माझं मत कुणी विचारलं नाही आणि खरं सांगायचं तर मी 'घ्या' म्हणालो असतो. त्याऐवजी मुलं पावती पुस्तक घेऊन बाजारपेठेत फिरली, शंभर-दोनशेच्या पावत्या फाडत. १८,६०० रुपये जमले. पुरुष संघांची प्रवेश फी ५०० रुपये, मुलींना फी नाही. एकूण जमा २८,६०० रुपये, खर्च ३०,९४० रुपये. खर्चात वालाच्या नुकसानीचे ८०० आले, कारण बांबू आणि दोरी यांनी उपांत्य सामन्यापर्यंतच दम धरला.

तूट २,३४० रुपयांची. महाविद्यालयाच्या खात्यातून मिळेल असं मला वाटलं होतं. लेखा विभागाने चार पोती फक्कीसाठी तीन कोटेशन मागितली. फक्की गावातल्या दुकानातून आणलेली, दुकान एकच. ४३ मुलांनी डोईला ५४ रुपये काढले. वर अठरा रुपये राहिले ते मी घातले. या स्पर्धेत माझी आर्थिक गुंतवणूक एवढीच.

आता लॉट्स. शेजारची दोन तगडी गावं पहिल्याच फेरीत समोरासमोर आली की आयोजकांनी डाव साधला अशी बोंब होते. म्हणून वर्गाने प्रवेश बंद झाल्यावर सगळ्या संघनायकांना बोलावून त्यांच्यासमोर, अंगणवाडीतल्या एका पोराकडून, स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या काढल्या. १९ संघ. बत्तीसच्या तक्त्यात १३ संघांना पुढे चाल, म्हणजे पहिली फेरी न खेळताच दुसरीत प्रवेश, वरच्या अर्ध्यात सहा आणि खालच्या अर्ध्यात सात. तक्ता भिंतीवर लागला, फोटो गावोगाव गेले.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी तीन वाजता विसावा संघ टेम्पोतून उतरला. त्यांची प्रवेशिका आणि पाचशे रुपये वर्गातल्याच एकाने आठ दिवसांपूर्वी मोबाईलवर घेतले होते आणि विसरला होता. बारा खेळाडू, डोक्याला रुमाल बांधलेले, तयारीने आलेले. आमच्या पोरांची तोंडं उतरली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. हात खिशात घालून उभं राहणं इतकं कठीण असतं हे मला त्या दिवशी कळलं.

तक्ता काढणारी मुलगी म्हणाली, थांबा. वीस संघांना पुढे चाली बारा. म्हणजे एकच कमी होते. पुस्तकातल्या क्रमाने पुढे चाल देत गेलं तर तेरावी जिला मिळाली ती शेवटची, तीच जाणार. ती खालच्या अर्ध्यात आहे आणि खालच्या अर्ध्यात संघही एक कमीच आहे. नवा संघ तिथेच, त्याच संघाविरुद्ध. बाकीचा तक्ता जसाच्या तसा. तिने कागदावर १ ते १३ आकडे घालून त्या संघनायकाला दाखवलं. तो बराच वेळ कुरकुरला. 'आमचीच का?' या प्रश्नाला कागदावर उत्तर होतं, म्हणून शेवटी कपडे बदलायला गेला. परीक्षेत हाच तक्ता काढायचा प्रश्न मी वर्षानुवर्षं विचारत आलोय. पुढे चालीचा क्रम कशासाठी पाठ करायचा, हे मला एकाही विद्यार्थ्याला समजावून सांगता आलं नव्हतं.

विसरलेल्या मुलाला कुणी काही बोललं नाही. तो दोन दिवस पाण्याच्या पिंपापाशीच दिसला, मुकाट्याने ग्लास विसळत.

गट ६० किलो वजनापर्यंतचा होता. भातगिरणीतून वजनकाटा आणलेला. एकाचं ६० किलो ४०० ग्रॅम भरलं, तो दोन स्वेटर घालून बांधावरून पळत सुटला आणि चाळीस मिनिटांनी परत काट्यावर. प्रथमोपचाराची पेटी होती, १०८ ची माहिती होती, बर्फ मात्र कुणाच्या लक्षात नव्हता. पहिल्याच संध्याकाळी एकाचा खांदा दुखावला आणि मुलं शेजारच्या मासळीवाल्या मावशींकडे धावली. थर्माकोलच्या पेटीतला बर्फ आला, बोंबलाच्या वासासकट. खेळाडूने नाक धरून खांदा शेकवला. पंचांची फी परवडत नव्हती म्हणून प्रत्येक मैदानावर सरपंच (म्हणजे सामन्याचा मुख्य पंच) आणि दोन पंच संघटनेचे, गुणलेखक आणि त्यांचे सहायक आमच्या वर्गातले, असा मार्ग काढला होता.

याच मार्गाने घात केला. उपउपांत्य फेरीचा सामना, वेळ संपली, फळ्यावर २७-२६. जिंकलेल्या गावाने गुलाल उधळला. हरलेल्यांचा संघनायक टेबलापाशी येऊन म्हणाला, आमचा लोण कुठाय? दुसऱ्या डावात त्यांनी समोरचा सगळा संघ बाद केला होता आणि लोणाचे दोन गुण गुणपत्रिकेवर चढलेच नव्हते. गुणलेखक मुलगी पांढरीफटक पडली. गर्दी टेबलावर आली. सरपंचांची सही व्हायची होती, हे नशीब. दोन मुलांनी सहायकांचे कागद आणले, मूळ गुणपत्रिकेशी एकेक चढाई ताडून पाहिली, दोन्ही संघनायकांना आणि सरपंचांना वाचून दाखवली. वीस मिनिटं लागली. निकाल २८-२७ असा उलटला.

गुलाल अंगावर असलेला संघ तसाच टेम्पोत बसून निघून गेला. बक्षीस समारंभाला त्या गावातून कुणी आलं नाही. आमच्या वर्गातली दोन मुलं त्याच गावची आहेत आणि अजून त्यांना चावडीवर टोमणे ऐकावे लागतात. मी समजूत काढायला गेलो होतो. चहा मिळाला, समजूत निघाली नाही.

मुलींच्या सामन्यांचं सांगायचं राहिलंच. कार्यक्रमपत्रिकेच्या पहिल्या मसुद्यात सहाही मुलींच्या संघांचे सगळे सामने दुपारी चारला, उन्हात, रिकाम्या बांधांपुढे होते. वर्गातल्या मुलींनी तो कागद परत केला आणि त्यांचा अंतिम सामना दुसऱ्या रात्री पुरुषांच्या अंतिम सामन्याच्या आधी, हॅलोजनखाली लावून घेतला. मोठ्या सामन्यासाठी जागा धरून बसलेल्या माणसांना तो बघावाच लागला. बरोबरी झाली, ५-५ चढायांवर गेला आणि बांधावरची माणसं दोरीसकट आत आली. वालाचे आठशे रुपये त्यातलेच. घरोघरच्या पोपट्या (मडक्यात वालाच्या शेंगा भाजायचे बेत) सोडून आलेल्या बायका शेवटपर्यंत थांबल्या.

आता माझं मागणं. स्पर्धेनंतर मला गुण भरायचा तक्ता मिळाला. रकाने पाच : उपस्थिती, अहवाल, जिओटॅग केलेले फोटो, सादरीकरण, तोंडी परीक्षा. तेराव्या पुढे चालीचा न्याय करणाऱ्या मुलीला यातल्या कुठल्या रकान्यात बसवू? लोण विसरलेल्या मुलीचं काय करू? तिच्याकडे फोटो नाही, कारण त्या वेळी फोटो काढायला कुणाचे हात मोकळे नव्हते. जिओटॅगचा उत्तम फोटो आहे तो एका मुलाचा, जो उद्घाटनाला नारळाशेजारी उभा राहिला आणि पुन्हा दोन दिवस दिसला नाही. तक्त्याप्रमाणे त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतात.

माझी विनंती आहे की रकाने बदला. हिशेबाची वही तपासा, तुटीसकट. लॉट्सचा तक्ता, बदललेला तक्ता आणि बदल का केला त्याचं लेखी कारण मागा. वादाची नोंद मागा. जमीनमालकाबरोबरचा तो सह्यांचा कागद चाळीस पानी रंगीत अहवालापेक्षा जास्त मोलाचा धरा. परीक्षक पाठवायचाच तर एखाद्या जुन्या पंचाला, पावती फाडलेल्या दुकानदाराला किंवा त्या टेम्पोत बसून गेलेल्या संघनायकाला तोंडी परीक्षेला बसवा. मुलांना त्याच्यापुढे उत्तर देऊ दे. आणि वर्गाला पाच-दहा हजारांची उचल द्या, जिचा हिशेब ते देतील. तीन कोटेशनं मागू नका.

आपली भीती मला माहीत आहे. मारामारी झाली, कुणाचा हात मोडला, तर वर्तमानपत्रात नाव महाविद्यालयाचं येणार. भीती खोटी नाही. त्या उपउपांत्य सामन्याच्या वेळी माझे पाय लटपटत होते आणि एकाने जरी हात उचलला असता तर मी मध्ये पडलो असतो. परवानग्या, रुग्णवाहिका, पोलिसांना आगाऊ कळवणं, यात शिक्षकाने ढिलाई करू नये. पण लॉट्स, पैसे, वेळापत्रक, भांडण मिटवणं हेही आपणच ताब्यात घेतलं तर साठ तासांत मुलांच्या वाट्याला बिल्ला आणि वडापावच येतो.

दरवर्षी १५ जुलैला आपण कबड्डी दिनाला बुवा साळवींच्या फोटोला हार घालतो. बुवांना कबड्डीमहर्षी म्हणतात ते त्यांनी खेळाची संघटना बांधली म्हणून. १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडा स्पर्धांत कबड्डी पोचली, त्यामागे पत्रं लिहिणारी, नियम छापणारी, मैदानं आखणारी, हिशेब ठेवणारी किती माणसं होती! आपल्या तालुक्यात चढाई करणारी पोरं पायलीला पन्नास मिळतील. गुणलेखक मिळत नाही, हे मी स्वतः मोजलेलं आहे. लोण विसरलेल्या मुलीने आता पंच परीक्षेची चौकशी केली आहे. तिला त्या तक्त्यात मी किती गुण भरले ते इथे लिहीत नाही. आपल्याकडे तक्ता येईलच. रकान्याबाहेर पेनने लिहिलेलं दिसेल, तेवढं वाचावं.

कळावे,

आपला,
खारेपाटातल्या एका महाविद्यालयाचा जिमखाना सांभाळणारा मास्तर

ता. क. : भातगिरणीचा काटा अजून जिमखान्यातच आहे. परत नेऊन देण्याची जबाबदारी कुणाची, यावर वर्गात दोन गट पडले आहेत. मी नेऊन देणार नाही.